लेन डिपार्चर वॉर्निंग सतत वाजतं, बंद करून टाकू का?

इतक्यात नको. गाडी नकळत लेनबाहेर सरकू लागली की इशारा देणारी ही यंत्रणा आहे. तुम्ही लिहिलंय की ओव्हरटेक करताना हमखास बीप येतो. मग आधी सांगा, इंडिकेटर देता का? रागावू नका, पण या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. इंडिकेटर चालू असला की लेन मुद्दाम बदलताय हे यंत्रणा धरून चालते आणि गप्प बसते. तो न देता रस्त्यावरचा लेनचा पट्टा ओलांडलात, तर तिच्या लेखी तुम्ही पेंगताय.

पुढच्या काचेला आतून, आरशाच्या मागे एक कॅमेरा असतो. तो दोन्हीकडचे पट्टे पाहतो आणि गाडी त्यांच्याकडे किती वेगाने सरकतेय याचा अंदाज घेतो. बहुतेक गाड्यांत ताशी ६० किलोमीटरच्या आसपास वेग गेल्यावरच हे काम सुरू होतं, म्हणून गर्दीत ती वाजत नाही. ताशी १०० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. एवढ्या वेगात क्षणभराची डुलकीसुद्धा समोरच्या लेनमध्ये नेऊन घालते.

उपयोग होतो का? अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने पोलिसांकडे नोंदलेल्या अपघातांचा अभ्यास २०१७ मध्ये मांडला. समोरासमोरची धडक, बाजूने घासणं आणि एकट्या गाडीचे अपघात या प्रकारांत ही सोय असलेल्या गाड्यांचं प्रमाण ११ टक्क्यांनी कमी निघालं. कुणी जखमी झालं अशा अपघातांत २१ टक्क्यांनी. त्याच संस्थेला असंही दिसलं होतं की बरेच लोक ती बंदच ठेवतात. बंद ठेवून काय फायदा मिळणार!

बीपचा वैताग मात्र खरा आहे, शिवाय बाजूला बसलेल्यांचे टोमणे वेगळेच. सेटिंगमध्ये स्टिअरिंगच्या थरथरीचा पर्याय असेल तर तो घ्या, तो फक्त तुम्हालाच कळतो. संवेदनशीलता कमी केली की इशारा थोडा उशिरा येतो, तेही चालेल.

हो, ती फसतेही. पट्टे पुसट झाले, ओल्या रस्त्यावर दिव्यांची चकाकी आली किंवा भेगांत भरलेलं डांबर रेघेसारखं दिसलं, की तिचा गोंधळ उडतो. पण इंडिकेटर देऊनही, स्वच्छ पट्ट्यांच्या सरळ रस्त्यावर वाजत असेल, तर कॅमेऱ्यासमोरची काच पुसून बघा. आणि मध्यंतरी काच बदलली असेल, तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा अचूक जुळवणं, केलं होतं का, ते सर्व्हिस सेंटरला विचारा.