पंगत टाळणाऱ्या माणसाबद्दल

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

जळगाव-धुळ्याकडच्या गावांत घरोघरी जाऊन पार्किन्सनच्या रुग्णांचे व्यायाम घ्यायला तू लागते आहेस. हातापायांचं तुला शिकवलं गेलंच आहे. मी लिहिते आहे ते शरमेबद्दल, कारण तिच्यापायी माणसं घराबाहेर पडेनाशी होतात आणि मग व्यायामही थांबतो.

“त्यात लाजायचं काय?” हे वाक्य तोंडातून काढू नकोस. शरम वाटते हाही आपलाच दोष, एवढंच त्यातून ऐकणाऱ्याला कळतं. शरम बहुधा दोन-तीन ठरावीक प्रसंगांना चिकटलेली असते. ते प्रसंग शोधायला पार्किन्सनच्या रुग्णांसाठीच्या पीडीक्यू-३९ या प्रश्नावलीतले चार प्रश्न पुरतात. गेल्या महिन्यात आजार लपवावासा वाटला का, चारचौघांत खाणंपिणं टाळलं का, लोकांत अवघडल्यासारखं झालं का, लोक काय म्हणतील याची काळजी वाटली का. प्रत्येकाला ‘कधीच नाही’ला ० ते ‘नेहमीच’ला ४ असे गुण दे, बेरजेला १६ ने भागून १०० ने गुणाकार कर. बेरीज ९ आली तर ५६. तीन महिन्यांनी पुन्हा विचार. मात्र मुलगा-सून समोर असताना विचारू नकोस, उत्तर बदलतं. आणि आकड्यावर थांबू नकोस, “शेवटचं कुठं जायचं टाळलं?” हे विचार.

उत्तर बहुतेकदा लग्नाचं येईल. आपल्याकडे वरण-बट्टीची पंगत म्हणजे खाली मांडी घालून बसायचं, बट्टी कुस्करायची, पातळ वरण हाताने कालवायचं, आणि शेजारी बसलेला व्याही बघत असतो. कुणी बघतंय असं वाटलं की कंप वाढतो. काही जण मनात धरतात, “दारू पितो म्हणून हात हालतो.” त्यात पंगत तासभर उशिरा बसते आणि तोवर गोळीचा अंमल ओसरलेला असतो. म्हणून जेवणाची खरी वेळ आधी फोनवर विचारून घ्यायला सांग. लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सनवरची नेहमीची गोळी डॉक्टरांनी ठरवलेल्या वेळांत बसवून जेवणाआधी अर्धा तास घ्यावी. डाळीतली प्रथिनं लेव्होडोपाच्या शोषणात आड येतात आणि तुपाने पोट उशिरा रिकामं होतं, म्हणून ऐन जेवणात घेतलेली गोळी लवकर लागू होत नाही. पंगत लांबली तर जास्तीची गोळी मनाने घ्यायची नाही. बाकी साधं: खुर्ची-टेबल मागावं, भिंतीकडची जागा धरावी, बट्टी आधीच कुस्करून घ्यावी, वरण द्रोणाऐवजी जड वाटीत, पाणी अर्धा पेला. चहाला बशी नकोच, ती वाजते; कानाचा मोठा कप अर्धा भरलेला चालतो.

हात पदराखाली, खिशात किंवा मांडीखाली दाबून धरणारे खूप भेटतील. लपवण्याच्या ताणाने कंप आणखी वाढतो. विश्रांतीतला कंप हात कामाला लागला की बऱ्याच जणांत कमी होतो, म्हणून रुमालाची घडी घालायला दे. ज्यांना कंप नसतोच त्यांची वेगळी पंचाईत: चेहरा हलत नाही, आवाज बसतो, आणि गाव म्हणतं, “भाऊंना माज आला, ओळख देत नाहीत.” त्यांना भावना शब्दांत बोलायला शिकव, “तुम्ही आलात, बरं वाटलं,” आणि तेही स्वतःला ओरडल्यासारखं वाटेल इतक्या मोठ्याने. ऐकणाऱ्याला तो आवाज नेहमीसारखाच वाटतो.

सांगायचं वाक्य लहान हवं आणि घरच्या बोलीत: “माले पार्किन्सन शे. हात हालस, पन समदं समजस. जरा टाईम द्या.” आधी तुझ्यासमोर दहादा म्हणवून घे, मग एका भरवशाच्या माणसाला, मग दुकानदाराला, कंडक्टरला. सही बारीक होत गेली असेल तर गर्दी नसताना बँकेत जाऊन नमुना सही बदलून घ्यावी.

मुलीची सोयरीक ठरेपर्यंत बाहेर सांगायचं नाही, असं घर म्हणेल. आजार लागट नाही आणि बहुतेकांत आनुवंशिकही नसतो, हे स्पष्ट सांग. पण सांगायचं कधी, हे रुग्णानेच ठरवावं. त्याच्या वतीने तू गावात बोललीस तर ते घर तुला पुन्हा बोलावणार नाही, आणि त्यात त्यांचं चुकणारही नाही.

घरच्यांना एकच काम दे: प्रश्न विचारल्यावर दहा सेकंद गप्प राहायचं. मुलगा बापाच्या जागी उत्तरं देऊ लागला की बाप बोलणं सोडतो.

दोन गोष्टी लगेच डॉक्टरांकडे न्यायच्या. चारचौघांत नको म्हणून दुपारची गोळी चुकवणं ही पहिली. गोळ्या अचानक बंद झाल्या तर शरीर ताठरतं, ताप चढतो, जीवावर बेतू शकतं. दुसरी म्हणजे घरातही, आवडीच्या माणसांतही दोन आठवडे कशातच मन न लागणं. ते नैराश्य असू शकतं. ते या आजाराचाच भाग असतं आणि त्यावर औषध आहे. जगायचं नाही असं कुणी बोललं, तर त्याच दिवशी, घरच्यांना सोबत घेऊन जा.

दिव्यांगांच्या ओळखपत्राचंही बघ. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये पार्किन्सनची नोंद आहे. ओळखपत्र नको म्हणणाऱ्याला घाई करू नकोस, कागद तेवढे जमवून ठेव.

तुझी,
ताई