दारूला शिवला नाही, तरी यकृताचा कॅन्सर?

प्रश्न : माझा थोरला भाऊ कधी दारूला शिवला नाही, तरी ५२व्या वर्षी त्याला यकृताचा कॅन्सर निघाला. रक्तात हिपॅटायटिस बी सापडला. मी ४६ वर्षांचा. मधुमेह आहे, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलंय. मलाही होईल का?

उत्तर : 'कधी शिवला नाही' हे ओपीडीत ऐकलं की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : आईची, भावंडांची रक्ततपासणी झालीय? हिपॅटायटिस बी हा यकृताला सूज आणणारा विषाणू बरेचदा बाळंतपणात आईकडून बाळाला मिळतो. मोठेपणी लागण झाली तर बहुतेकांचं शरीर तो हुसकून लावतं. तान्हेपणी झाली तर दहापैकी नऊ जणांत तो कायमचा मुक्कामाला राहतो. त्यामुळे तुमच्या बाबतीत मला साखरेआधी हीच शंका येते. एचबीएसएजी (विषाणू आत्ता शरीरात आहे का) आणि अँटी-एचबीसी (कधीतरी लागण झाली होती का) या रक्ततपासण्या आधी करा, सोबत हिपॅटायटिस सीचीही.

एक गृहस्थ जाडजूड फाईल घेऊन आले होते. तळाशी रक्तपेढीची अकरा वर्षांपूर्वीची घडी घातलेली चिठ्ठी होती : एचबीएसएजी पॉझिटिव्ह. 'तुम्ही नुसते कॅरियर आहात,' असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं; म्हणजे विषाणू अंगात आहे, आजार नाही. त्यांनी रक्तदान थांबवलं, बाकी काही केलं नाही. माझ्याकडे आले तेव्हा गाठ सात सेंटिमीटरची होती. या 'नुसते'वर माझा फार राग आहे. हा विषाणू यकृताच्या पेशींच्या डीएनएतच शिरतो, म्हणून सिरॉसिस (यकृत व्रणांनी कडक होणं) नसतानाही कॅन्सर होऊ शकतो.

विषाणू निघाला, तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी (कॅन्सरची चाहूल देणारी रक्ततपासणी). औषध लगेच लागेल की नाही, ते विषाणूचं प्रमाण आणि यकृताची अवस्था पाहून ठरतं. नाही निघाला आणि प्रतिकारशक्तीही नसेल, तर लस घ्या. वहिनींची आणि भावाच्या मुलांचीही तपासणी करून घ्या. भावाचं ताट-पेला वेगळा केला असेल तर पुन्हा एकत्र करा. जेवणातून हा पसरत नाही. रेझर मात्र वेगळा हवा.

फॅटी लिव्हर आणि मधुमेह यांनीही धोका वाढतो, तंबाखूनेही. सोनोग्राफीतली 'ग्रेड' चरबी सांगते, यकृत किती कडक झालंय ते नाही. त्यासाठी फायब्रोस्कॅन करा. वजन जास्त असेल तर सात ते दहा टक्के उतरवा. आणि दारू? भावासारखेच लांब राहा.

आई हयात असतील तर त्यांचीही तपासणी करा. डॉक्टरांकडे जाताना घरातले जुने कागद न्या, रक्तपेढीच्या चिठ्ठ्यांसकट.