लॅब नसेल तर योनिमार्गाच्या संसर्गावर नुसत्या लक्षणांवरून औषध द्यावं का?

तुमच्या दवाखान्यात मायक्रोस्कोप नाही, कल्चरची (जंतू वाढवून तपासायची) सोय नाही, आणि अंगावरून पांढरं जातंय म्हणून आलेल्या बाईला लक्षणांवरून औषध द्यावं का, असं तुम्ही विचारलंय. द्यावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनातही ही पद्धत आहे. पण तक्रार ऐकून लगेच चिठ्ठी लिहिणं म्हणजे ती पद्धत नव्हे.

ही चूक मी स्वतः केली आहे. सुरुवातीला खाज म्हटलं की मी क्लोट्रिमॅझोल हे बुरशीवरचं औषध द्यायचे. एक बाई त्याच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा आली, तेव्हा कुठे मी स्पेक्युलम (योनी उघडून आत पाहायचं साधन) घालून पाहिलं. स्राव पिवळट-हिरवा, फेसाळ. बुरशी नव्हतीच ती, ट्रायकोमोनास हा संभोगातून पसरणारा परजीवी असावा. मेट्रोनिडॅझोल तिला आणि तिच्या नवऱ्यालाही दिलं, मग ती बरी झाली. तोवर तिने जे सोसलं, ते मी आतून तपासलं नाही म्हणून. आजही ते मनाला लागतं.

स्पेक्युलमच्या जोडीला स्रावाची आम्लता दाखवणारा पीएच पेपर ठेवा, पण 4 ते 7 मधला फरक नीट दाखवणारा. स्राव योनीच्या बाजूच्या भिंतीवरून घ्या. गर्भाशयाच्या तोंडाजवळचा स्राव, रक्त किंवा वीर्य लागलं तर आकडा उगाच वर जातो. पीएच 4.5 पर्यंत, स्राव फाटलेल्या दुधासारखा, खाज, लाली: बुरशी धरा. क्लोट्रिमॅझोल 500 मिग्रॅची योनीत ठेवायची एक गोळी किंवा फ्लुकोनॅझोल 150 मिग्रॅ एकदाच. गरोदर बाईला मात्र फ्लुकोनॅझोल नको, क्लोट्रिमॅझोल 7 दिवस वापरा.

पीएच 4.5 च्या वर गेला, पातळ करडा स्राव आणि मासळीसारखा वास असला, तर बॅक्टेरियल व्हजायनोसिसची (योनीतल्या जंतूंचा तोल बिघडण्याची) शक्यता जास्त. फेस दिसला तर ट्रायकोमोनास. डोळ्यांना दोन्ही नेहमी वेगळे ओळखू येत नाहीत, म्हणून मेट्रोनिडॅझोल 400 किंवा 500 मिग्रॅ दिवसातून दोनदा, 7 दिवस, हे दोन्हींवर चालतं. ट्रायकोमोनासची शंका असेल तर जोडीदाराचा उपचार सोडू नका, नाहीतर आजार परत येतो.

लक्षणांवरची पद्धत सगळ्यात कमी पडते ती गोनोरिया आणि क्लॅमिडिया या संभोगातून पसरणाऱ्या आजारांच्या बाबतीत. हे गर्भाशयाच्या तोंडाशी बसतात आणि बहुतेक बायकांना काहीच जाणवत नाही. म्हणून एकांतात विचारा: जोडीदाराला लघवीची जळजळ आहे का, त्याच्या लिंगातून पू येतो का? गर्भाशयाच्या तोंडातून पू दिसला किंवा हात लागताच रक्त आलं, तर दोन्हींवर उपचार करा. ओटीपोटात दुखतंय, ताप आहे, गर्भाशयाचं तोंड हलवल्यावर ती कळवळते, तर त्याच दिवशी उपचार सुरू करा. पाळी चुकून पोटात दुखत असेल तर थांबू नका, गर्भ नळीत असू शकतो, लगेच पुढे पाठवा.

आठवड्याने परत बोलवा. बुरशी वारंवार होत असेल तर साखर आणि एचआयव्ही तपासायला सांगा.

आणि एक, दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांतला बिनवासाचा, बिनखाजेचा पांढरा स्राव हा आजार नसतो. अशी बाई अनेकदा "अंगातली ताकद जातेय" म्हणून घाबरून आलेली असते. तिला गोळी देऊ नका. शेजारी बसून नीट समजावून सांगा, त्याला पाच मिनिटं लागतात.