फळांचा चोथा मुरघासात : आधी ओल मोडा, मग दाबा

प्रश्न : पल्प कारखान्यातून आंब्याची साल आणि मोसंबीचा चोथा मिळतो. मक्याच्या मुरघासात किती मिसळू? माल आणून देणारा म्हणतो, गुळाचं पाणी, युरिया आणि कल्चर (आंबवणाऱ्या जिवाणूंचं पाकीट) तिन्ही टाका, काही होत नाही.

उत्तर : मक्यात मिसळूच नका. मुरघास म्हणजे हवा न लागता दाबून आंबवलेला चारा, त्याला ओल लागते 65 ते 70 टक्के. चिकात आलेला, म्हणजे दाणा अजून मऊ असलेला मका स्वतःच तेवढ्या ओलीवर असतो, तो चोथ्याचं पाणी काय शोषणार? चोथ्यात 80 टक्के पाणी, कधी 85. दोन्ही एकत्र दाबले की खालून काळपट रस गळायला लागतो आणि त्याच्याबरोबर साखरही वाहून जाते. वर उरतो तो आंबूस वासाचा चिखल. चोथ्याचा मुरघास वेगळा करा आणि कोरड्या कुट्टीत करा.

100 किलो चोथ्याला 25 किलो वाळलेली कडबा कुट्टी किंवा गव्हाचं काड घातलं की ओल 66 टक्क्यांवर येते. चोथा फारच पाणचट असेल तर कुट्टी 33 किलोपर्यंत वाढवा. तळाला आधी कोरडी कुट्टी पसरा, मग थरावर थर न देता सगळं नीट कालवूनच भरा. मूठभर मिश्रण दाबून बघा. बोटांतून पाणी ठिबकलं तर कुट्टी कमी पडली. मूठ उघडल्यावर गोळा लगेच फुटला तर जास्त झाली. गोळा सावकाश सुटायला हवा आणि तळहात नुसता दमट व्हायला हवा.

आता त्या तीन वस्तूंचं. गूळ वाळलेल्या, साखर कमी असलेल्या चाऱ्यासाठी. फळाच्या सालीत साखर आधीच भरपूर आहे. वरून गूळ घातला तर यीस्टचं फावतं, आम्लाऐवजी दारू तयार होते, आणि मुरघास उघडला की ढीग दुसऱ्या दिवशी गरम. गूळ नको. युरिया तर अजिबात नको. ओल्या चोथ्यात तो सारखा मिसळत नाही. एका कोपऱ्यात गोळा होतो आणि तो घास ज्या जनावराच्या वाट्याला जातो त्याला अमोनियाची विषबाधा होते. सफरचंदाच्या चोथ्याबरोबर युरिया दिल्यावर गाभण गाईंना अशक्त, व्यंग असलेली वासरं झाल्याची नोंद जुनी आहे. प्रथिनं कमी पडतात हे खरं, पण ती पेंड आणि लसूणघासातून द्या, खताच्या पोत्यातून नको.

कल्चर चालतं, गरज फारशी नसते. सालीवर आंबवणारे जिवाणू असतातच आणि मोसंबीचा चोथा मुळात आंबट. ज्याला वापरायचंच आहे त्याने उघडल्यावर गरम होऊ न देणारं, बुकनेरी जिवाणूचं कल्चर घ्यावं आणि पाकिटावर लिहिलं आहे तेवढंच. "दुप्पट टाका, लवकर मुरेल" हे विक्रेत्याचं गणित आहे. दुप्पट टाकून पाकीट लवकर संपतं, मुरघास नाही मुरत. हवा राहिली असेल तर दहा पाकिटंही काही करणार नाहीत.

खरा घात होतो तो वेळेत. चोथा आला त्या दिवशीच दाबला पाहिजे. ट्रॉली दोन दिवस उभी राहिली, वर पांढरी बुरशी धरली, तर तो माल परत पाठवा. स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. बुरशीचं विष आंबवल्याने मरत नाही. पुन्हा सांगतो, आंबवल्याने मरत नाही. आणि माल घेताना विचारा, साल काढायला कॉस्टिक सोड्यासारखं रसायन वापरलं होतं का? वापरलं असेल तर घेऊ नका. कोयी, प्लास्टिक, हातमोजे निवडून काढा. अख्खी कोय जनावराच्या घशात अडकते, मुरघास पिशवीत भरला असेल तर ती पिशवीही फाडते.

खड्ड्यापेक्षा मी ड्रमच सांगतो. फळाचा मुरघास उघडल्यावर लवकर बिघडतो, म्हणून भांडं लहान हवं. 200 लिटरचा, क्लॅम्पच्या झाकणाचा ड्रम घट्ट तुडवून भरला की साधारण 130 किलो बसतो. तीन जनावरांना पाच दिवसांत संपतो. खड्ड्याचं उघडं तोंड तेवढ्या जनावरांकडून रोज वीतभरही कापलं जात नाही आणि निम्मा माल बुरशीला जातो. ड्रम मात्र खाद्यतेलाचा किंवा रसाचा घ्या. कीटकनाशकाचा रिकामा ड्रम कितीही धुतला तरी चालणार नाही. यावर वाद घालणारे नेहमी भेटतात.

45 दिवस हात लावू नका. विक्रेता "15 दिवसांत तयार" म्हणतो, कारण त्याला पुढची ट्रॉली खपवायची असते. उघडल्यावर वास आंबटगोड हवा, रंग पिवळसर तपकिरी, आणि सामू (आंबटपणा, पीएच) मोजायची पट्टी असेल तर सामू 4 च्या आसपास. दारूचा किंवा कुबट वास आला तर तो भाग उकिरड्यावर टाका, "थोडा थोडा देऊन संपवू" असं नको.

दुभत्या मोठ्या जनावराला पहिल्या दिवशी 2 किलो, मग 10 ते 12 दिवसांत 8 किलोपर्यंत, त्यापुढे नाही. दूध वाढलं म्हणून 15 किलो टाकणाऱ्यांच्या गोठ्यात पातळ शेण आणि बंद पडलेलं रवंथ बघायला मी पुष्कळदा गेलो आहे. अशा वेळी मुरघास बंद, सुका चारा चालू, आणि पशुवैद्यकाला बोलवा. सहा महिन्यांखालच्या वासरांना देऊ नका.

प्रश्न : दुधाला मोसंबीचा वास येतो. काय करू?

उत्तर : धारा काढल्यानंतर घाला, आधी नको. ड्रम गोठ्यात उघडा ठेवू नका.

प्रश्न : सोबत खायचा सोडा रोज द्यावा का?

उत्तर : प्रमाण पाळलं तर गरज नाही. सोडा देऊन 15 किलो पचवायचा बेत असेल तर तो बेतच सोडा.

प्रश्न : अनुदान?

उत्तर : राष्ट्रीय पशुधन अभियानात मुरघास युनिटला भांडवली खर्चाच्या 50 टक्के मिळतं, उद्योग म्हणून करणाऱ्यांसाठी. अर्ज ऑनलाइन. चार ड्रमसाठी नाही.