शेजाऱ्याकडे गेलेला कारखाना

प्रश्न : शेजारच्या देशात थेट परकीय गुंतवणूक, म्हणजे परदेशी कंपन्यांनी तेथे येऊन कारखाने वा व्यवसाय उभारणे, वाढली, तर ती आपल्या वाट्यातूनच गेली असे समजावे का?

उत्तर : नेहमीच नाही. कंपनी कशासाठी येते आहे, हे आधी पाहावे लागते. आयातशुल्क टाळून त्याच देशातील ग्राहकांना माल विकणे एवढाच हेतू असेल, तर शेजाऱ्याचा त्या निर्णयाशी फारसा संबंध येत नाही. एका ठिकाणी उत्पादन करून आसपासच्या सर्व देशांना माल पुरवायचा असेल, तर मात्र शेजारी प्रतिस्पर्धी होतात, कारण कारखाना एकच असतो. १९७३ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायात (आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपात) सामील झालेल्या आयर्लंडची लोकसंख्या तेव्हा जेमतेम तीस लाख होती. तेथे आलेल्या अमेरिकी कंपन्यांची नजर अर्थातच साऱ्या सामायिक बाजारपेठेवर होती.

उत्पादनाचे टप्पे वेगवेगळ्या देशांत वाटले जातात तेव्हा चित्र आणखी बदलते, आणि माझ्या मते आज हाच प्रकार सर्वांत बारकाईने समजून घेण्यासारखा आहे. किया कंपनीच्या मोटार कारखान्यासाठी पोलंड आणि स्लोव्हाकिया यांच्यात चुरस होती. २००४ मध्ये कंपनीने स्लोव्हाकियातील झिलिना शहराची निवड केली. त्यानंतर तिच्याच समूहातील ह्युंदाईने आपला कारखाना सीमेपलीकडे, झेक प्रजासत्ताकातील नोशोवित्से येथे उभारला. दोहोंमधील अंतर शंभर किलोमीटरहून कमी आहे. झिलिनाहून इंजिने नोशोवित्सेला जातात आणि तिकडून गिअरबॉक्स झिलिनाला येतात. म्हणजे पोलंडच्या हातून गेलेला कारखाना झेक प्रजासत्ताकाच्या पथ्यावर पडला. स्लोव्हाकिया आणि झेक प्रजासत्ताक हे दोन्ही देश युरोपीय संघाचे सदस्य असल्याने मालाला सीमेवर जकात लागत नाही. ती लागली असती, ट्रक तासन्‌तास खोळंबले असते, तर ही देवाणघेवाण परवडलीच नसती.

म्हणूनच शेजाऱ्यापेक्षा जास्त करसवलत देण्याच्या चढाओढीपेक्षा सीमेवरील रस्ते आणि सीमाशुल्काची प्रक्रिया सुधारण्यावर झालेला खर्च मला अधिक शहाणपणाचा वाटतो. करसवलतींच्या चढाओढीत दोन्ही सरकारांचा महसूल बुडतो आणि लाभ कंपनीच्या पदरात पडतो. २०२१ मध्ये १३०हून अधिक देशांनी किमान १५ टक्के कंपनीकराला मान्यता दिली खरी. परंतु तो नियम वार्षिक ७५ कोटी युरो किंवा त्याहून अधिक उलाढाल असलेल्या बहुराष्ट्रीय समूहांपुरताच आहे, आणि स्वस्त जमीन किंवा रोख अनुदान देऊन कंपनीला आपल्याकडे ओढण्याची वाट त्याने बंद होत नाही.