घड्याळ नवं, तरी पुढे का?

प्रश्न : मुलाने वाढदिवसाला ऑटोमॅटिक घड्याळ दिलं. रोज चार-पाच मिनिटं पुढे जातं. दुकानदार म्हणतो, ‘मेकॅनिकल आहे, चालायचंच.’ खरंच चालायचं का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : नाही चालायचं! दिवसाला दहा-पंधरा सेकंद इकडे-तिकडे झाली तर मीही हेच म्हणालो असतो. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. स्विस क्रोनोमीटरलासुद्धा, म्हणजे अचूकतेची कडक चाचणी पास झालेल्या घड्याळालासुद्धा, दिवसाला सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंदांची मुभा असते. पण पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद, आणि तीही नेहमी पुढेच? माझा पहिला संशय चुंबकावर. रात्री घड्याळ कुठे ठेवता? ब्लूटूथ स्पीकरवर, की फ्लिप कव्हरच्या मोबाइलशेजारी? घड्याळाच्या आतल्या केसाएवढ्या बारीक, गुंडाळलेल्या हेअरस्प्रिंगला चुंबकत्व लागलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि बॅलन्स, म्हणजे घड्याळाची चाल ठरवणारं झुलतं चाक, भराभर झुलायला लागतो. साधं होकायंत्र घड्याळाजवळ न्या. सुई हलली तर संशय पक्का समजा, पण नाही हलली म्हणून निर्धास्त होऊ नका.

चुंबकत्व काढणं मिनिटभराचं काम. पुण्यात इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या तपकीर गल्लीत त्याचं यंत्रही कदाचित मिळेल, पण घेऊ नका. घड्याळ वॉरंटीत आहे, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच द्या. टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर लावून, डायल वर, डायल खाली, चावी खाली, अशा वेगवेगळ्या स्थितींतले आकडे लिहून मागा. मागचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. वॉरंटी तिथेच संपायची. आणि दुकानदाराला बिलाची झेरॉक्स दाखवून विचारा, ‘चालायचंच’ हे वॉरंटी कार्डावर कुठे छापलंय?