प्रार्थनेचं आमंत्रण नक्की कोण देतंय?

मागच्या अंकात अमेरिकेतल्या 'नॅशनल डे ऑफ प्रेअर'वर चार ओळी आल्या होत्या. म्हणजे दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी तिथला राष्ट्राध्यक्ष रीतसर घोषणापत्र काढून देशाला प्रार्थना करा म्हणतो तो दिवस. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, त्यामुळे जे प्रश्न बऱ्याच जणांनी फिरवून फिरवून विचारलेत तेवढे घेतलेत.

प्रश्न : माझा मुलगा आणि सून टेक्सासला असतात. सून म्हणते तिकडे सरकार वेगळं आणि चर्च वेगळं, एकमेकांत लुडबूड नाही. मग प्रेसिडेंट प्रार्थना करा म्हणून सही कशी काय करतो? ते त्याचं स्वतःचं मत असतं की कायदाच आहे?

कायदाच आहे काकू, आणि फार जुनाही नाही. फेब्रुवारी १९५२ मध्ये बिली ग्रॅहम या तेव्हा तेहतीस वर्षांच्या धर्मप्रचारकाने वॉशिंग्टनला कॅपिटॉलच्या, म्हणजे संसदेच्या इमारतीच्या, पायऱ्यांवर मोठी सभा घेतली आणि देशाने एक दिवस प्रार्थनेसाठी द्यावा अशी मागणी केली. तेव्हा कोरियात युद्ध चालू, रशियाची धास्ती, कम्युनिस्ट म्हणजे नास्तिक हे समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं, त्यामुळे विरोध कोण करणार! एप्रिलमध्ये ट्रूमनची सहीसुद्धा झाली. राष्ट्राध्यक्षाने दरवर्षी रविवार सोडून कुठलाही एक दिवस ठरवावा असं त्यात होतं, रविवारी लोक तसेही चर्चला जातातच ना. मग १९८८ मध्ये रेगनच्या सहीने मेचा पहिला गुरुवार कायमचा ठरला. त्याच काळातल्या अजून दोन गोष्टी सांगते, शाळेतल्या प्रतिज्ञेत 'देवाच्या छत्राखाली' अशा अर्थाचे शब्द घुसले ते १९५४ मध्ये आणि 'इन गॉड वी ट्रस्ट' अधिकृत ब्रीदवाक्य झालं १९५६ मध्ये. त्यामुळे हे सगळं अमेरिकेच्या जन्मापासूनच आहे असं कोणी ठणकावून सांगितलं की मला जरा गंमत वाटते.

आता सूनबाईंचं म्हणणं. तेही खरंच आहे. १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत एकाच वाक्यात दोन गोष्टी आहेत, संसदेने धर्म प्रस्थापित करण्याबाबत कायदा करायचा नाही आणि कोणाच्या धर्माचरणाला आडकाठीही करायची नाही. प्रार्थना दिनाचे समर्थक दुसऱ्या भागावर बोट ठेवतात, विरोधक पहिल्या, आणि सत्तर वर्षं झाली तरी भांडण मिटलेलं नाही.

प्रश्न : 'सेपरेशन ऑफ चर्च अँड स्टेट' हे शब्द अमेरिकेच्या घटनेत कुठेही नाहीत, हे तुम्ही सोयीस्करपणे लिहिलं नाहीत. पहिल्या राष्ट्राध्यक्षाने, वॉशिंग्टनने, स्वतः प्रार्थनेचा दिवस जाहीर केला होता. हे सेक्युलर प्रकरण नंतरच्या लोकांनी घुसडलेलं आहे.

तुमचे पहिले दोन्ही मुद्दे मान्य, तिसरा नाही.

शब्द घटनेत नाहीत हे खरं. आणि वॉशिंग्टनने २६ नोव्हेंबर १७८९ हा दिवस देवाचे आभार मानायला आणि प्रार्थनेला जाहीर केला हेही खरं. पण त्यासाठीचा ठराव सप्टेंबरमध्ये प्रतिनिधीगृहात आला तेव्हा साऊथ कॅरोलायनाचे थॉमस टकर उभे राहून काय म्हणाले ते तुमच्या फॉरवर्डमध्ये नसणार. त्यांचं म्हणणं असं की नव्या घटनेने आपलं भलं होतंय का हे लोकांना अजून अनुभवायचंय, त्याआधीच आभार माना असं आपण कसं सांगायचं, आणि मुळात ही धर्माची बाब आहे, त्यात पडायचा आपल्याला अधिकारच नाही. ठराव पास झाला ते सोडा, पण आक्षेप पहिल्याच वर्षी आला होता, नंतर कोणी घुसडलेला नाही.

त्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स. यांनी १७९८ आणि १७९९ असे दोनदा उपास आणि प्रार्थनेचे राष्ट्रीय दिवस जाहीर केले. फ्रान्सशी युद्ध होतंय की काय अशी परिस्थिती, राजकारण पेटलेलं, आणि फिलाडेल्फियात (राजधानी तेव्हा तिथे होती) उपासाच्या दिवशी दोन्ही बाजूंचे लोक रस्त्यावर आले. मार्केट स्ट्रीट माणसांनी फुल्ल, पार अ‍ॅडम्सच्या दारापर्यंत, आणि राष्ट्राध्यक्षाने स्वतःच्या घराच्या रक्षणासाठी युद्धखात्यातून हत्यारांच्या पेट्या गल्लीबोळातून, मागच्या दाराने आत आणवून घेतल्या! हे अ‍ॅडम्सनेच १८१३ मध्ये आपल्यानंतरचा राष्ट्राध्यक्ष जेफरसन याला पत्रात लिहिलंय. वर हेही झालं की लोकांना संशय आला, हे प्रेस्बिटेरियन लोक आपला पंथ सरकारी करायला निघालेत, आणि बाकीच्या पंथांची मतं गेली. म्हातारपणी त्यांनी एका मित्राला स्पष्ट कळवलं की त्या राष्ट्रीय उपासाने मला खुर्चीवरून उतरवलं. आता १८०० ची निवडणूक फक्त त्याने हरले असं काही मी म्हणणार नाही, पण ज्याचं जळलं तो तरी असं म्हणत होता.

जेफरसन मात्र आठही वर्षं ठाम राहिला, असा दिवस जाहीर करणार नाही म्हणजे नाही. आणि चर्च आणि सरकार यांच्यामधली 'भिंत' हा शब्द ज्या पत्रातून प्रसिद्ध झाला ते त्याचं पत्र याच विषयावरून लिहिलेलं आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं. झालं काय, कनेक्टिकटमधल्या डॅनबरी भागातल्या बाप्टिस्ट पंथाच्या लोकांनी त्याला पत्र पाठवलं. हे लोक चांगले कट्टर ख्रिश्चन बरं का, पण त्या राज्यात सरकारमान्य चर्च होतं काँग्रिगेशनल पंथाचं, त्याचा कर भरायचा नसेल तर बाप्टिस्टांना आपण दुसऱ्या पंथाचे असल्याचं सर्टिफिकेट द्यावं लागायचं. आम्हाला जे स्वातंत्र्य मिळतं ते हक्क म्हणून नाही, मेहेरबानी म्हणून मिळतं, ही त्यांची तक्रार. जेफरसनने १ जानेवारी १८०२ ला उत्तर दिलं, त्यात चर्च आणि सरकारमधली भिंत आली. पण मूळ मसुद्यात आपण उपास-प्रार्थनेचे दिवस का जाहीर करत नाही याचाही खुलासा होता, तो त्याने शाईने बाद केला आणि समासात लिहून ठेवलं की न्यू इंग्लंडकडच्या, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांतल्या, आपल्याच पक्षातल्या मित्रांना हे खटकेल, तिकडे अशा घोषणांची जुनी रीत आहे. मतांची काळजी तेव्हाही होतीच! तो खोडलेला मजकूर १९९८ मध्ये एफबीआयच्या लॅबने मसुद्यावर काम करून वाचता येण्यासारखा केला.

म्हणून म्हणते, ही भिंत धर्म नको असलेल्यांनी बांधली हे चूक आहे. दुसऱ्याच्या चर्चसाठी ज्यांच्याकडून कर मागितला जात होता त्या श्रद्धाळू लोकांना ती सगळ्यात जास्त हवी होती. जेफरसननंतरचा राष्ट्राध्यक्ष मॅडिसनने ब्रिटनशी झालेल्या १८१२ च्या युद्धाच्या काळात दबावाखाली चार वेळा असे दिवस जाहीर केले आणि नंतर स्वतःच्या टिपणांत हे सरकारचं काम नव्हे असं लिहून ठेवलं. १८३२ मध्ये कॉलऱ्याची साथ आली तेव्हा अँड्र्यू जॅक्सननेही चर्चवाल्यांची उपासाच्या दिवसाची विनंती नाकारली, प्रार्थनेवर विश्वास आहे पण हे माझं काम नाही म्हणून. तर १८६३ मध्ये लिंकनने यादवी चालू असताना ३० एप्रिल हा दिवस जाहीर केलाच. परंपरा म्हणाल तर दोन्हीकडची आहे, ज्याला जी हवी ती तो उचलतो.

प्रश्न : कोर्टाने हा दिवस बेकायदा ठरवला होता असं वाचलं होतं. मग अजून चालू कसा?

ठरवला होता, पण टिकलं नाही. विस्कॉन्सिनमधल्या 'फ्रीडम फ्रॉम रिलिजन फाउंडेशन' या, सरकार आणि धर्म वेगळे ठेवा म्हणणाऱ्या संस्थेने केस टाकली होती, आणि एप्रिल २०१० मध्ये तिथल्या फेडरल न्यायाधीश बार्बरा क्रॅब यांनी १९५२ चा कायदा घटनाबाह्य आहे असा निकाल दिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की नागरिकांनी प्रार्थना करावी असं सांगण्यात सरकारचा कुठलाही बिगर-धार्मिक हेतू दिसत नाही. निकालाची अंमलबजावणी मात्र अपिलापर्यंत थांबवलेली होती. वर्षभरात, एप्रिल २०११ ला, वरच्या कोर्टाने तो उलटवला. पण हा दिवस घटनेला धरून आहे असं त्या कोर्टाने म्हटलंच नाही! म्हटलं एवढंच की केस करणाऱ्यांचं नुकसान काय झालं? घोषणापत्र कोणाला काही करायला भाग पाडत नाही, ही विनंती आहे, ऐकायची तर ऐका, आणि आपल्याला परकं वाटलं एवढ्यावर केस करता येत नाही. म्हणजे दारातूनच परत पाठवलं, मूळ प्रश्न तसाच. मला विचाराल तर कायद्याने हे बरोबर असेलही, पण मग हा प्रश्न कोर्टात न्यायचा तरी कोणी, याचं उत्तर मिळत नाही.

शाळेचं गणित वेगळं आहे, दोन-तीन पालकांनी विचारलंय म्हणून सांगते. तिथे १९६२ मध्येच न्यूयॉर्कच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारी शाळेत सरकारने लिहिलेली प्रार्थना म्हणवून घ्यायला मनाई केली, अवघ्या २२ शब्दांची होती ती. मुलांनी स्वतःहून प्रार्थना करायला कधीच बंदी नव्हती.

प्रश्न : सगळ्या धर्मांना बोलावतात म्हणे, मग आपल्या लोकांनी भाग घ्यायला काय हरकत आहे?

कायद्यात कुठल्या धर्माचं नाव नाही हे बरोबर, पण प्रत्यक्ष कार्यक्रम सरकार करत नाही, ते खाजगी संस्था करतात, आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या 'नॅशनल डे ऑफ प्रेअर टास्क फोर्स' या संस्थेची धुरा बरीच वर्षं शर्ली डॉबसन या ख्रिस्ती कार्यकर्तीकडे होती. या संस्थेच्या गावोगावच्या संयोजकांना येशू आणि बायबलवरच्या श्रद्धेच्या निवेदनावर सही करावी लागायची. २००५ मध्ये मिशिगनच्या ट्रॉय शहरात असा कार्यक्रम सिटी हॉलसमोर होता, पद्मा कुप्पा यांना तिथे हिंदू प्रार्थना म्हणायची होती, संयोजकांनी नाही म्हटलं. खाजगी संस्था म्हणून त्यांना तो अधिकार असेलही हो, पण दिवस सरकारी, जागा सरकारी आणि गेस्ट लिस्ट एका पंथाची, हे कसं काय? बाईंनी मग सर्वधर्मीय गट काढला, आणि २०१८ मध्ये त्या राज्याच्या विधानसभेवर निवडूनही आल्या.

२००७ ची गोष्ट तर सिनेटमधली. जुलैत राजन झेद या हिंदू पुरोहितांनी सिनेटमध्ये पहिल्यांदा हिंदू प्रार्थना म्हटली तेव्हा गॅलरीतून तिघांनी ओरडाआरडा केला, त्यांना बाहेर काढून अटक करावी लागली, आणि मग प्रार्थना पुरी झाली. त्यामुळे भाग जरूर घ्या, पण बोलावणं सगळ्यांना आहे हे आधी विचारून घ्या.

प्रश्न : ओबामांनी हा दिवस बंद केला होता हे खरं आहे का?

नाही. धाकटे बुश दरवर्षी व्हाइट हाउसमध्ये कार्यक्रम करायचे, ओबामांनी तो केला नाही, घोषणापत्र मात्र दरवर्षी काढलं, कायदाच आहे म्हटल्यावर काढावंच लागतं. कार्यक्रम नाही याचं फॉरवर्डमध्ये 'दिवस बंद' झालं. ट्रम्पनी तो पुन्हा व्हाइट हाउसच्या रोझ गार्डन या बागेत सुरू केला, आणि २०१७ ला त्याच दिवशी धर्मस्वातंत्र्याच्या आदेशावर सही केली, २०२५ ला त्याच दिवशी धर्मस्वातंत्र्य आयोग नेमला.

प्रश्न : त्या गुरुवारी अमेरिकेत सुट्टी असते का? व्हिसाच्या कामाचं विचारायचं होतं.

नाही, सुट्टी नसते. ऑफिसं चालू असतात.